फ्रीझरची राखणावळ

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचे संपादित रूप)

२०२४ च्या जूनमधली गोष्ट. पहिला पाऊस पडून गेला आणि दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. दापोली तालुक्यातल्या आमच्या मूळ घरी तो आणि वहिनी राहतात. एरवी त्याचा फोन पाऊसपाण्यापासून सुरू होतो. त्या दिवशी मात्र एकदम म्हणाला, "ये आणि तुझ्या वहिनीचं ते कपाट बघून जा. बिल अकराशेनं वाढलंय. उन्हाळाभर रस आटवून जे काही मिळवलं ते सगळं त्या कपाटानं खाल्लं."

कपाट म्हणजे उभा फ्रीझर. एप्रिलमध्ये वहिनीने तो सव्वीस हजारांना घेतला होता, स्वतःच्या पैशांतून. आमरस आणि गणपतीच्या मोदकांसाठी नारळाचा चव, असा तिचा छोटा धंदा आहे. गिऱ्हाइकं बहुतेक मुंबई-पुण्याची. या फ्रीझरमागे एक जुनी जखम होती. आधी ती रसाचे डबे गावातल्या एका दुकानदाराच्या कुल्फीच्या पेटीत भाड्याने ठेवायची. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. अलिबागजवळ किनाऱ्याला लागलं आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यात झाडं, कौलं, विजेचे खांब सगळं आडवं करून गेलं. आमच्या गावात दिवे आले ते बाराव्या दिवशी. चाळीस किलो रस वहिनीने स्वतःच्या हाताने माडाच्या मुळाशी ओतला. "दुसऱ्याच्या पेटीत माझं काय चाललंय ते मला कळत तरी होतं का, भाऊजी?" असं ती मला तेव्हा म्हणाली होती. स्वतःचा फ्रीझर घ्यायचा हे तिने त्या दिवशी ठरवलं आणि चार वर्षं पैसे साठवले.

म्हणजे प्रश्न फक्त अकराशे रुपयांचा नव्हता. फ्रीझर ठेवायचा की विकून टाकायचा, यावर घरात बोलाचाली बंद होण्याची वेळ आली होती. मी अठ्ठावीस वर्षं आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशनचा ट्रेड शिकवला, त्यामुळे निवाडा माझ्याकडे आला. प्लगला लावायचं छोटं वीजमीटर पिशवीत टाकलं आणि एसटी पकडली.

दादाने हिशेब लिहूनच ठेवला होता. फ्रीझरच्या पाठीवरच्या पट्टीवर १२० वॉट लिहिलेलं आहे. चोवीस तास चालतो म्हणजे १२० गुणिले २४, २८८० वॉट-तास, पावणेतीन युनिटांच्या वर. महिन्याला ८६ युनिटं. आणि बिल काय सांगत होतं? आदल्या मे महिन्यात ९८ युनिटं, या मे महिन्यात १८१. वाढ ८३. "आता बोल," दादा म्हणाला. त्याचा हिशेब आणि महावितरणचं बिल इतकं जुळत होतं, की क्षणभर मलाही वाटलं, जाऊ द्या, याचंच बरोबर असेल.

पण पट्टीवरचे वॉट हे कॉम्प्रेसर चालू असताना लागणारे वॉट. कॉम्प्रेसर काही अखंड चालत नाही. आतलं तापमान ठरल्या आकड्याला पोचलं की थांबतो, जरा चढलं की पुन्हा घुरघुरतो. तो चोवीस तासांत किती वेळ चालतो हे पट्टीवरून कळत नाही, मोजावंच लागतं, आणि तेही तासभर नव्हे, निदान दोन-तीन पूर्ण दिवस. मी मीटर लावलं आणि तीन दिवस तिथेच मुक्काम ठोकला. सकाळ-संध्याकाळ आकडा लिहून घेत होतो. उत्तर आलं दिवसाला १.४ युनिट. महिन्याला ४३.

मग उरलेली ४० युनिटं कुठे गेली?

तेव्हा माझं लक्ष जुन्या फ्रिजकडे गेलं. स्वयंपाकघरातली त्याची मोकळी जागा आता नव्या फ्रीझरने घेतली होती आणि म्हाताऱ्याची रवानगी कोपऱ्यात झाली होती. पाठ भिंतीला टेकलेली, एका अंगाला भांड्यांचं फडताळ, दुसऱ्या अंगाला पिठाचे डबे. आणि त्या भिंतीच्या पलीकडे काय, तर न्हाणीतली पाणी तापवायची चूल! भिंतीला हात लावला तर कोमट लागत होती. शिवाय फ्रिज ओढत नेताना दाराच्या खालच्या बाजूचं गॅस्केट, म्हणजे दाराभोवतीची रबरी पट्टी, वीतभर फाटली होती आणि ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. दहाची नोट दारात धरून दार लावलं आणि ओढली, तर वरच्या बाजूला अडकून बसली, खाली मात्र अलगद हातात आली. मीटर आता त्याला लावलं. दिवसाला २.२ युनिट! बिचारा जवळजवळ न थांबता धावत होता.

इथे दोन गोष्टी सांगायला हव्यात. फ्रिज थंडी तयार करतो अशी आपली समजूत असते. तसं नसतं. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, आणि ती टाकण्यासाठी पाठीला किंवा अंगाला मोकळी हवा लागते. हल्लीच्या फ्रिजना मागे काळी जाळी दिसत नाही, बाजूचे पत्रेच गरम लागतात. लोक घाबरून मेकॅनिकला बोलावतात. पण गरम लागतं हेच बरोबर आहे, आतली उष्णता तिथूनच बाहेर पडते आहे. ती अडवली, तर उचललेली उष्णता तिथल्या तिथे घुटमळते आणि कॉम्प्रेसरला जास्त जोर लावावा लागतो.

दुसरी गोष्ट विहिरीची. उष्णता उचलणं हे विहिरीतून पाणी उपसण्यासारखं आहे. विहीर जितकी खोल, तितके कष्ट जास्त. स्वयंपाकघरात ३२ अंश आणि फ्रिजमध्ये ४ अंश, म्हणजे विहीर २८ अंश खोल. फ्रीझरमध्ये उणे १८, म्हणजे विहीर ५० अंश खोल. आणि ही विहीर वरून झिरपतेही. जितका फरक जास्त तितकी उष्णता भिंतींतून जास्त आत येते. म्हणजे फ्रीझरमध्ये पावणेदोनपट उष्णता झिरपते, आणि ती पावणेदोनपट उंच चढवावी लागते. भिंती सारख्याच जाडीच्या असत्या तर त्याच मापाच्या फ्रिजपेक्षा फ्रीझरने तिपटीने वीज खाल्ली असती. तसं होऊ नये म्हणून फ्रीझरच्या भिंतींत फोमचा थर जास्त जाड असतो, आणि म्हणूनच बाहेरून ऐसपैस दिसणारं हे कपाट आत हात घातल्यावर लहान वाटतं.

वहिनीने बटण शेवटच्या आकड्यावर फिरवून ठेवलं होतं. "लवकर गोठावं म्हणून हो." थर्मामीटर आत ठेवून पाहिला तर उणे २४. रस, चव, मासे, मटार, काहीही साठवायला उणे १८ पुरेसं असतं. त्याखालचे सहा अंश म्हणजे विहीर उगाच सहा हात खोल खणून ठेवल्यासारखं. त्याने झिरपही वाढते आणि उपसाही. दोन्ही धरून पाव हिश्श्याने जास्त वीज जाते. बटण मागे फिरवलं आणि पुढच्या दोन दिवसांत आकडा १.४ वरून १.१ वर आला.

फ्रिज कोपऱ्यातून काढून दाराजवळ आणला, मागे चार बोटं जागा सोडली, दापोलीहून गॅस्केट आणून बसवलं. तो २.२ वरून १.१ वर आला. मे महिन्यात त्याने ३४ युनिटं जादा खाल्ली होती आणि आळ मात्र नव्या फ्रीझरवर आला होता. ४३ आणि ३४ मिळून ७७. उरलेल्या सहा युनिटांचा शोध मी लावला नाही. मे महिना होता, पंखे फिरत असणार.

दादा गप्प झाला, पण त्याचा मुद्दा संपला नव्हता. "मग ४३ युनिटांचे अकराशे नाही, पण पाचशे तरी झाले की नाही? दुकानदार तर म्हणाला होता महिन्याला दोनशे." हे मात्र दादाचं खरं होतं, आणि दुकानदार खोटं बोलला असंही नाही. त्याने महिन्याची तीसेक युनिटं धरली आणि युनिटचा दर साडेसहा-सात रुपये. चूक दरात होती.

आपलं घरगुती वीजबिल पायऱ्यांचं असतं. पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, मग ५०० पर्यंत तिसरा. २०२४-२५ च्या महावितरणच्या दरपत्रकात पहिल्या शंभरांना वीज आकार ४.७१ रुपये होता आणि पुढच्या पायरीला १०.२९. त्यावर युनिटमागे १.१७ रुपये वहन आकार आणि सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे त्या वर्षी खालच्या पायरीवरचं युनिट ६ रुपये ८२ पैशांना पडत होतं आणि वरच्या पायरीवरचं १३ रुपये २९ पैशांना. जवळजवळ दुप्पट. आता दादाच्या घराची पहिली शंभर युनिटं दिवे, पंखे, मिक्सर, टीव्ही आणि जुना फ्रिज यांनीच भरून टाकली होती. नवं येणारं प्रत्येक उपकरण वरच्या पायरीवर जाऊन बसतं. बिलाची एकूण रक्कम भागिले एकूण युनिटं हा जो सरासरी दर आपण काढतो, तो नव्या उपकरणाला लावायचा नसतो. त्याला शेवटच्या पायरीचा दर लावायचा. हे दर वेळोवेळी बदलतात, तेव्हा माझे आकडे पाठ करू नका, स्वतःच्या बिलावर आपलं घर कुठल्या पायरीवर थांबतं ते बघा. ज्या घरी एसी आहे आणि बिल तीनशेच्या वर जातं, त्या घरात हाच फ्रीझर आणखी महाग पडेल. (याची दुसरी बाजूही आहे. वरच्या पायरीवरचं वाचवलेलं प्रत्येक युनिटही तेव्हा सव्वातेरा रुपयांचं होतं. वीतभर गॅस्केटने महिन्याचे साडेचारशे रुपये वाचवले.)

रात्री जेवणानंतर वहिनी वही घेऊन बसली. तिला किलोचा हिशेब हवा होता. एक किलो रस गोठवायला किती वीज लागते? आंब्याच्या रसात बहुतेक पाणीच असतं. ते ३० अंशांवरून शून्यावर आणायचं, मग गोठवायचं, मग उणे १८ पर्यंत न्यायचं. हे सगळं धरून किलोमागे साधारण एक दशांश युनिट. सव्वा-दीड रुपया. साठ किलो रस गोठवायला सहा युनिटं, ऐंशी रुपये.

"एवढंच?" वहिनीला खरं वाटेना.

एवढंच. गोठवणं स्वस्त असतं. महाग असतं ते त्यानंतरचं. मेअखेरीपासून ७ सप्टेंबरच्या गणेश चतुर्थीपर्यंत शंभर दिवस. दिवसाला १.१ म्हणजे ११० युनिटं, वरच्या पायरीच्या दराने सुमारे १४६० रुपये. साठ किलोंवर वाटले तर किलोमागे २४ रुपये. फ्रीझरमध्ये पंधराच किलो असता, तरी भिंतींतून झिरपणारी उष्णता तेवढीच, बिलही तेवढंच, आणि किलोला पडले असते ९७ रुपये.

वहिनी म्हणाली, "म्हणजे बागेसारखंच की. आंबा उतरवायची मजुरी एकदाच. राखणदाराला मात्र महिन्याचा पगार, झाडावर शंभर आंबे असोत नाहीतर दहा." आणि तिने वहीत नवा रकाना काढला, राखणावळ. अठ्ठावीस वर्षांत मला इतका नेमका शब्द सापडला नव्हता.

या शब्दाने बऱ्याच गोष्टी सोप्या झाल्या. भरलेला फ्रीझर कमी वीज खातो असं लोक म्हणतात. तसं फारसं नसतं, फक्त राखणावळ जास्त किलोंवर वाटली जाते. रिकाम्या खणांत पाण्याच्या बाटल्या भरून वीज वाचेल ही अपेक्षा करू नका. बाटल्यांचा उपयोग वेगळा आहे. वीज गेली तर त्या गारवा धरून ठेवतात. दार न उघडता भरलेला फ्रीझर साधारण ४८ तास माल गोठलेला ठेवतो, अर्धा भरलेला २४ तास. आमच्या भागात याला किंमत आहे. शिवाय वहिनीला एक जुनी युक्ती सांगितली. वाटीत पाणी गोठवायचं, त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवायचं आणि वाटी खणात ठेवून द्यायची. बाहेरगावाहून परत आल्यावर नाणं वर असेल तर माल सुरक्षित. तळाशी गेलेलं असेल तर मधे कधीतरी सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे, मग वरून कितीही कडक दिसो, तो माल गिऱ्हाइकाला द्यायचा नाही.

दादाची एक सूचना होती, रात्री फ्रीझर बंद ठेवावा. रात्रभर झिरपलेली उष्णता सकाळी बाहेर काढावीच लागते. वाचतं ते फार थोडं, आणि जे वाचतं ते मालाचं तापमान चढल्यामुळे. रोज थोडा मऊ आणि रोज पुन्हा कडक झालेला रस पाणी सोडतो. ही सूचना वहिनीने माझ्याआधीच फेटाळली.

आडव्या पेटीपेक्षा उभ्या कपाटाला वीज जास्त लागते का? लागते. गार हवा जड असते. पेटीचं झाकण उघडलं तर ती आत बसून राहते, कपाटाचं दार उघडलं की पायांवर सांडते. पण किती जास्त, याचा बाऊ केला जातो. दोनशे लिटरच्या कपाटात हवा भरते जेमतेम पाव किलो. ती सगळी सांडली आणि आमच्या कोकणातली ३२ अंशांची, ८० टक्के दमट हवा आत शिरली, तरी एका उघडझापीला युनिटचा शंभरावा हिस्साही लागत नाही. दिवसातून वीस वेळा उघडलं तर पावणेदोन रुपये. यातली अर्ध्याहून जास्त वीज हवेवर नव्हे, तिच्यातल्या वाफेवर खर्च होते. पाव किलो दमट हवेबरोबर सहा ग्रॅम पाणी आत येतं, त्याचं आधी पाणी आणि मग बर्फ होतो. हाच बर्फ नळ्यांवर साठतो, आणि तो नळी आणि माल यांच्यामध्ये गोधडीसारखा बसतो. अर्धा सेंटिमीटर थर झाला की काढायचा. फ्रीझर बंद करून, आत गरम पाण्याचं पातेलं ठेवून. सुरी लावायची नाही. सुरीने भोक पाडून आणलेले फ्रीझर मी इतके पाहिले आहेत की वर्गात त्यांची रांग लावता आली असती. ज्यांना हे नको असेल त्यांनी फ्रॉस्ट-फ्री घ्यावा, त्यात हीटर आपोआप बर्फ वितळवतो, पण त्या हीटरचीही वीज मोजावी.

वहिनीने उभा प्रकार घेतला तो कमरेसाठी. पेटीत वाकून, वरचे दहा डबे उपसून तळातला अकरावा काढायचा हे तिला झेपत नाही. मला तिचं पटलं. पेटीच्या तळाशी दोन-दोन वर्षं विसरलेली पुडकी मी पाहिली आहेत. त्यांची राखणावळ भरून शेवटी ती फेकूनच दिली जातात.

नवा घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट राहिली. आपल्याकडे ताऱ्यांची योजना २००६ मध्ये सुरू झाली आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिजना २०१० पासून सक्तीची झाली. डीप फ्रीझरसाठी ती ऐच्छिक स्वरूपात आली २०२० मध्ये. तारे मोजू नका. त्या चिठ्ठीवर वर्षाची युनिटं लिहिलेली असतात, तो आकडा वाचा. मोठ्या पंचतारांकित फ्रीझरला लहान तीनतारांकितापेक्षा जास्त वीज लागू शकते. शिवाय निकष वेळोवेळी कडक होतात, जुन्या वर्षाचे पाच तारे नव्या वर्षाचे पाच नसतात. युनिटांना आपल्या शेवटच्या पायरीच्या दराने गुणा आणि मग किंमत बघा. वहिनीचा फ्रीझर वर्षभर चालवला तर पाच हजारांच्या पुढे वीज लागेल. पाच-सहा वर्षांत तो स्वतःच्या किमतीइतकी वीज खाईल.

म्हणूनच तो वर्षभर चालत नाही. एप्रिलमध्ये सुरू होतो. खालचा खण दादाचा. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, त्या आधी घेतलेली सुरमई तिथे राहते, दोन-दोन पिशव्यांत बांधून, कारण रसाला वास लागला तर काय होईल हे वहिनीने त्याला स्पष्ट सांगितलं आहे. त्या वर्षी तिने रसाचा भाव किलोला तीस रुपयांनी वाढवला. एका मुंबईच्या गिऱ्हाइकाने कारण विचारलं, तर म्हणाली, राखणावळ. त्याला काय कळलं कोण जाणे, पण पैसे दिले.

अनंत चतुर्दशीनंतर तीन डबे उरले होते. तीन डब्यांसाठी दिवसाला पंधरा रुपये भरायचे नाहीत, असं दादाच म्हणाला. आम्ही सगळे रविवारी जमलो, पुऱ्या झाल्या, रस संपवला. दुपारी वहिनीने फ्रीझर पुसून कोरडा केला, वास धरू नये म्हणून दारात लाटणं अडकवून ते फटीएवढं उघडं ठेवलं आणि दादाने प्लग काढला.